मनी प्लांट आग्नेयेला ठेवा, पण खात्री विकू नका



कुठल्याही गावात कार्यशाळा घेतली की चहाच्या सुट्टीत एक प्रश्न हमखास येतो. सगळ्यांसमोर कोणी विचारत नाही. बाजूला येऊन हळूच विचारतात, "सर, दुकानात मनी प्लांट नेमका कुठल्या दिशेला ठेवायचा?" पूर्वी मी हसून विषय बदलायचो. आता नाही बदलत. कारण हा प्रश्न विचारणाऱ्याने बहुतेक वेळा घरातलं सोनं गहाण ठेवून दुकान काढलेलं असतं, आणि त्याला कुठूनतरी थोडा धीर हवा असतो. त्यात हसण्यासारखं काय आहे?

तर आधी सरळ उत्तर. प्रचलित वास्तूनुसार मनी प्लांट आग्नेयेला, म्हणजे पूर्व आणि दक्षिणेच्या मधल्या कोपऱ्यात. तुळस ईशान्येला, नाहीतर पूर्वेला किंवा उत्तरेला. निवडुंगासारखं काटेरी झाड घरात नको. सुकलेलं, वाळलेलं रोप कुठल्याच दिशेला नको. झालं. एवढ्यासाठी कोणाला फी द्यायची गरज नाही.

पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना रोपं नुसती ठेवायची नाहीयेत, विकायची आहेत. घरच्या गच्चीवर छोटी नर्सरी, "वास्तू प्लांट" म्हणून गिफ्ट पॅक, ऑनलाइन ऑर्डर. धंदा म्हणून कल्पना चांगलीच आहे. भांडवल कमी लागतं, घरबसल्या होतं. म्हणूनच आज जरा स्पष्ट बोलतो.

आधी माल ओळखा. आपण ज्यांना वास्तूची रोपं म्हणतो त्यातली किती रोपं आपल्या जुन्या ग्रंथांना माहीत होती? मनी प्लांट मूळचा पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावरचा. लकी बांबू हा बांबूच नाही. ते ड्रॅसिना जातीचं आफ्रिकेतलं झाड आहे आणि त्याच्या तीन काड्या, पाच काड्यांचा हिशेब चिनी परंपरेतून आलाय. चिनी भाषेत चार या आकड्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दासारखा होतो, म्हणून चार काड्यांचा गुच्छ कोणी देत नाही. आपल्या दिशांचा त्याच्याशी काही संबंध नाही. स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतला, जेड प्लांट दक्षिण आफ्रिकेतला.

मग जुन्या ग्रंथात काय आहे? सहाव्या शतकात वराहमिहिराने लिहिलेल्या बृहत्संहितेत वास्तुविद्येचं प्रकरण आहे आणि झाडांच्या निगेचं वेगळं प्रकरणही आहे. त्यात घराभोवती कुठलं झाड कुठे असावं हे येतं. पिंपळ पश्चिमेला शुभ, वड पूर्वेला, उंबर दक्षिणेला. घराला खेटून काटेरी झाड असेल तर शत्रूचं भय, चीक येणारं झाड असेल तर धननाश. ही सगळी अंगणातली मोठी झाडं आहेत बरं का, टीव्हीशेजारच्या कुंडीतली नाहीत. आणि गंमत बघा, आज रबर प्लांट कितीतरी ठिकाणी "संपत्तीचं झाड" म्हणून विकला जातो. पान तोडा, पांढरा चीक टपकतो. ग्रंथ धरून बसलात तर तो नेमका नको त्या यादीत जातो! त्याच ग्रंथात घराजवळ फळझाडंही अशुभ म्हटलीत. हे कोकणातल्या माणसाला सांगून बघा. ज्याच्या परसात फणस, नारळ आणि केळ आहे तो तुम्हाला आधी पाणी देईल आणि मग वेड्यात काढेल.

हे सांगायचं कारण श्रद्धेची टिंगल करणं नाही. माझ्या आईने आयुष्यभर सकाळी तुळशीला पाणी घातलंय, आमच्या घरात आजही घालतात. पण ज्याला माल विकायचाय त्याला परंपरा कुठली आणि गेल्या वीस-तीस वर्षांत बाजाराने चिकटवलेलं लेबल कुठलं, हे कळलंच पाहिजे. गिऱ्हाईक विचारेल तेव्हा तुमची बोबडी वळायला नको.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. ट्रेनिंगच्या क्षेत्रात यायच्या आधी काही वर्षं मी भेटवस्तूंचा छोटा धंदा करत होतो. त्यात एका दिवाळीला रोपांची पॅकेट काढली. प्रत्येक कुंडीला सोनेरी कार्ड: "उत्तर दिशेला ठेवा, धनलाभ निश्चित." निश्चित हा शब्द मीच घातला होता. त्याने विक्री वाढली हे खोटं बोलणार नाही. एका शिवणकाम करणाऱ्या ताईंनी नवीन दुकानासाठी रोप नेलं. दोन-अडीच महिन्यांनी त्या परत आल्या, हातात तीच कुंडी, रोप पूर्ण मेलेलं. मला वाटलं पैसे परत मागतील, मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी पैशाचं नावही काढलं नाही. त्या म्हणाल्या, "दादा, हे मेलं. आता माझ्या दुकानाचं काय होणार?"

खरं सांगतो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. त्यांच्या दुकानात उत्तरेला खिडकी नव्हती, नुसती भिंत होती. अंधारात ठेवलं आणि वर प्रेमाने रोज पाणी घातलं. मुळं कुजली. एवढं साधं कारण. पण मी त्यांना रोप विकलंच नव्हतं, नशीब विकलं होतं. आणि नशीब म्हणून विकलेली वस्तू मेली की माणूस माळ्याला दोष देत नाही, स्वतःच्या कपाळाला देतो. आधीच हप्त्याच्या काळजीत असलेल्या बाईच्या डोक्यावर मी साठ रुपयांच्या मालातून आणखी एक भीती ठेवली होती.

म्हणून माझं मत आज पक्कं आहे. दिशा सांगा, खुशाल सांगा. "वास्तूनुसार ही जागा शुभ मानतात" असं म्हणणं खरं आहे, कारण मानतात. "इथे ठेवल्यावर पैसा येईल" हे म्हणणं खोटं आहे, कारण ते तुमच्या हातात नाही. दोन वाक्यांत फरक छोटा दिसतो, पण पहिल्यावर धंदा दहा वर्षं चालतो. दुसऱ्यावर तो पुढच्या दिवाळीपर्यंत चालला तरी नशीब. शिवाय कायदाही आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये फसव्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या विक्रेत्याला कोण धरतंय, असं म्हणू नका. पॅकेटवर छापलेला शब्द पुसता येत नाही.

हाच नियम "ऑक्सिजन प्लांट" म्हणून विकणाऱ्यांनाही. नासाने १९८९ मध्ये बंद पेटीत रोपं ठेवून हवेतले काही वायू कमी होतात का हे तपासलं होतं. त्यावर अख्खा बाजार उभा राहिला. पण तुमचं घर म्हणजे बंद पेटी नाही. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा निघालं की खिडकी-दारातून हवा जेवढी बदलते तेवढा परिणाम हवा असेल तर एका चौरस मीटरला १० ते १००० रोपं लागतील. म्हणजे झोपायला जागा उरणार नाही! शास्त्राच्या नावानेही खात्री विकली जाते, फक्त वास्तूच्या नावाने नाही.

मग विकायचं काय? जगणारं रोप विका. इथे खरं कौशल्य आहे आणि इथेच तुमचा नफा आहे.

गिऱ्हाईक दिशा विचारतं तेव्हा ते तुम्हाला फुकटात केवढी मोठी माहिती देतंय बघा. दिशा म्हणजे ऊन. तुळशीला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. आपल्याकडे उत्तरेच्या बाल्कनीत साधारण सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत थेट ऊन येतच नाही. म्हणजे उत्तरेला ठेवलेली तुळस हिवाळ्यात रोडावणार, आणि घरातली माणसं मनात काहीबाही आणणार. अशा गिऱ्हाइकाला सांगा, "पूर्वेची खिडकी आहे का? पूर्वही तुळशीला शुभच मानतात. तिथे ठेवा." श्रद्धाही राहिली, रोपही राहिलं. मंजिऱ्या आल्या की खुडायच्या, हेही सांगा, नाहीतर तुळस लवकर म्हातारी होते. मनी प्लांटचं उलट आहे. त्याला उजेड हवा पण कडक ऊन नको. आग्नेयेच्या खिडकीत सकाळचं कोवळं ऊन ठीक, दुपारच्या आधी पडदा ओढायचा. पुष्कळ घरांत आग्नेयेला स्वयंपाकघर असतं, तिथली ऊब आणि दमटपणा त्याला मानवतो. गॅसच्या जवळ मात्र नको.

आणि हो, मोबाइलच्या होकायंत्रावर आंधळा विश्वास ठेवू नका. लोखंडी कपाट, ग्रिल, फ्रिज जवळ असला की सुई भलतीकडे जाते. घराच्या मधोमध उभं राहून दोन-तीन वेळा बघा. मी असे दुकानदार पाहिलेत ज्यांनी आग्नेय समजून चक्क नैऋत्येला कुंडी ठेवली होती आणि तरी धंदा झकास चालला होता.

लहान मूल किंवा मांजर असलेल्या घरात मनी प्लांट, झेडझेड प्लांट देताना उंचावर ठेवायला सांगा. पान चावलं तर तोंडाची आग होते. हे न सांगता विकणं मला पटत नाही.

हिशेबाचं थोडक्यात. आकडे तुमच्या गावचे घाला, मी फक्त पद्धत दाखवतो. मनी प्लांटच्या वेलाच्या प्रत्येक पेराशी नवीन रोप दडलेलं असतं. पेराच्या खाली कापा, पाण्यात ठेवा, दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. समजा कुंडी १५ रुपये, माती-कोकोपीट ८, कार्ड आणि पिशवी ७. झाले ३०. दहातली दोन रोपं मरणार हे धरूनच चला, म्हणजे खर्च साडेसदतीसवर जातो. त्यात तुमची मजुरी घाला. मजुरी घालायची विसरता, म्हणून वर्षअखेर पैसे कुठे गेले कळत नाही! आणि एक गंमत: चोरून आणलेला मनी प्लांटच लाभतो, असा आपल्याकडे समज आहे. नर्सरीवाल्यासाठी याहून वाईट समज कुठला? तेव्हा नुसत्या फांदीवर धंदा उभा करू नका. भरलेली, वाढलेली, देखणी कुंडी द्या. ती कोणी शेजाऱ्याच्या जिन्यातून चोरून आणू शकत नाही.

हंगाम धरा. तुळशीच्या लग्नाला तुळशीची मागणी असते, तिची तयारी श्रावणातच बी टाकून करावी लागते. कार्तिकात धावपळ करून दुसऱ्या नर्सरीतून माल उचललात तर नफा त्याचा झाला. दसरा, दिवाळी, पाडवा, वास्तुशांत हे दिवस आहेतच. घाऊक माल बघायचा असेल तर पुण्याजवळ उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांमधून एकदा दिवसभर हिंडून या. काही विकत घेऊ नका, नुसते दर लिहून आणा.

त्या शिवणकामवाल्या ताईंना मी दुसरं रोप दिलं, पूर्वेच्या दाराजवळ ठेवायला सांगितलं, आणि सोनेरी कार्डं रद्दीत घातली. नवीन कार्डावर चार ओळी छापल्या. पहिली, रोपाचं नाव. दुसरी, वास्तूनुसार कुठली दिशा मानतात. तिसरी, उजेड किती आणि पाणी कधी: बोट मातीत घाला, वरची माती कोरडी लागली तरच. चौथी ओळ त्यांच्यामुळे आली: "पान पिवळं पडलं तर घाबरू नका. बहुतेक वेळा पाणी जास्त झालेलं असतं. फोन करा."