ध्रुवप्रदेशाची अर्धी वही

ज्या व्यापाऱ्याची निम्मी दुकाने परगावी आहेत व त्या गावांहून वह्या येणे बंद झाले आहे, त्याने दिवाळीस काढलेल्या ताळेबंदावर कोणता शहाणा सावकार विश्वास ठेवील? उत्तर ध्रुवाच्या शास्त्रीय संशोधनाची आज हीच दशा झाली आहे. त्या समुद्राचा सुमारे निम्मा किनारा रशियाचा. बारमास गोठलेल्या भूमीचा सर्वांत मोठा हिस्साही त्याच देशात. १९२२ नव्हे, २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर सर्व बाजूंनी स्वारी केली आणि मार्चमध्ये आर्क्टिक परिषदेच्या इतर सात राष्ट्रांनी परिषदेचे कामकाज थांबविले. पुढे २०२४ मध्ये कार्यमंडळांच्या दूरस्थ सभांस परवानगी मिळाली, परंतु तुटलेला धागा पूर्ववत जुळला नाही.

स्वारी निंद्यच होय. तिच्या निषेधाबद्दल आमची तक्रार नाही. परंतु तोफांबरोबर तापमापकावरही बहिष्कार घालावा काय, हा प्रश्न निराळा आहे.

कार्ल वेप्रेख्त या दर्यावर्दी अधिकाऱ्याचे उदाहरण पहा. १८७२ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचे 'टेगेटहॉफ' जहाज घेऊन तो उत्तरेस गेला. जहाज बर्फात रुतले. दोन हिवाळे काढल्यावर १८७४ मध्ये ते सोडून, होड्या बर्फावरून ओढीत ही मंडळी निघाली. अखेर त्यांस उचलून घेतले ते रशियन मच्छीमारांनी! घरी परतल्यावर वेप्रेख्तचा सत्कार झाला, पण त्याने नवे बेट शोधल्याची शेखी मिरविली नाही. १८७५ मध्ये त्याने स्पष्ट सांगितले की, ध्रुवावर प्रथम निशाण कोणाचे, ही शर्यत व्यर्थ आहे. अनेक राष्ट्रांनी निरनिराळ्या ठिकाणी, एकाच वेळी, एकाच रीतीने हवेची व चुंबकशक्तीची मोजमापे घेतली तरच निसर्गाचा नियम हाती लागेल. तो १८८१ मध्ये वारला. पुढल्याच वर्षी बारा राष्ट्रांनी पहिले आंतरराष्ट्रीय ध्रुव-वर्ष आरंभिले. त्यांत रशिया होता, अमेरिकाही होती. ग्रीली नामक अमेरिकन अधिकाऱ्याच्या पंचवीस जणांच्या तुकडीतील सहाच माणसे अखेर जगली. तरी नोंदवह्या त्यांनी टाकून दिल्या नाहीत.

कोणी म्हणेल, तो काळ निराळा होता. बरे, अलीकडचे पाहू. १९५९ चा अंटार्क्टिक करार अमेरिका व सोव्हिएट रशिया एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसले असता झाला, आणि निरीक्षणांची मोकळी देवघेव हे त्यातील एक कलमच आहे. १९८० नंतरच्या दशकात सोव्हिएट फौजा अफगाणिस्तानात लढत होत्या. त्याच वेळी दक्षिण ध्रुवखंडावरील वोस्तोक ठाण्यात रशियनांनी खणून काढलेला बर्फ अमेरिकन विमानांनी वाहून नेला व फ्रेंच शास्त्रज्ञांनी तपासला. हवेतील कर्बवायू व पृथ्वीचे उष्णमान यांचा दीड लाखाहून अधिक वर्षांचा इतिहास त्या बर्फातून १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या सहकार्याने अफगाणिस्तानातील युद्ध एक दिवसही लांबले, असे कोणी दाखवून द्यावे.

रशियास जहाजे, पैसा वा यंत्रे द्या, असे आम्ही म्हणत नाही. सैबेरियाच्या जमिनीचे उष्णमान व नद्यांचे पाणी यांच्या नोंदी तेवढ्या इकडून तिकडे जाव्यात. आणि रशियानेही आपले दार लावून घेऊ नये.

याचे आपणांस काय, असे मुंबईच्या गोदीवर कोणी विचारील. ग्रीनलंडचा सारा बर्फ वितळला तर जगातील समुद्र सुमारे सात मीटर चढेल. त्याचा थोडा अंशही भाऊच्या धक्क्यास पुरे आहे. शिवाय हे काम आपणांस परके नाही. १९८१ च्या डिसेंबरात अंटार्क्टिकेची पहिली भारतीय मोहीम गोव्याहूनच निघाली. ध्रुवसंशोधनाची राष्ट्रीय संस्था वास्कोस आहे. स्वालबार्डमध्ये २००८ पासून आपले 'हिमाद्री' ठाणे आहे आणि आर्क्टिक परिषदेत २०१३ पासून आपण निरीक्षक आहो. मॉस्को व वॉशिंग्टन या दोन्ही ठिकाणी ज्याचे बोलणे ऐकले जाते, अशी राष्ट्रे थोडी. सबब हिंदुस्थान सरकारने निरीक्षकाच्या खुर्चीत मुकाट बसून न राहता, नोंदींची देवघेव युद्धाच्या भांडणातून वेगळी काढण्याचा प्रस्ताव दोन्ही पक्षांपुढे मांडावा, आणि 'हिमाद्री'च्या नोंदी दोघांसही विनाअट खुल्या करून त्याचा आरंभ स्वतः करावा.