दुखल्यास 5 मिली

बरेच दिवस यावर लिहायचं मनात होतं, पण घरचेच लोक वाचतात म्हणून टाळत होतो. आता लिहितोच. ज्यांना राग येईल त्यांनी सरळ फोन करावा.

तर झालं असं. भाच्याचं टॉन्सिलचं ऑपरेशन झालं. वय सात, वजन वीस किलो. ऑपरेशन चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली आणि बहीण त्याला घेऊन माहेरी, अमडापूरला आली. चिठ्ठीवर अँटिबायोटिक सकाळ-संध्याकाळ अगदी ठळक लिहिलेलं. आणि सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं, 'पॅरासिटामॉल सिरप, दुखल्यास 5 मिली'.

माझं सगळं भांडण त्या 'दुखल्यास' शब्दाशी आहे.

घशातून मांसाचा गोळा कापून काढलाय. जखम उघडीच राहते, आणि प्रत्येक घोट, प्रत्येक आवंढा तिच्यावरूनच जातो. तिथे 'दुखल्यास' काय? दुखणारच. आठवडाभर, कधी दहा दिवस, कधी त्याहून जास्त. पण हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी पोरगं अंगणात खेळायला लागलं, म्हणून आम्ही औषध बंद केलं. पाचव्या दिवशी घशातली पांढरी खपली सुटायला लागली आणि त्याने पाणी पिणं सोडलं. कान धरून बसायचा. शेजारच्या काकू तेल कोमट करून घेऊन आल्या. कानाला काहीच झालेलं नव्हतं. घशाची आणि कानाची एक नस सामाईक असते, म्हणून घशातलं दुखणं कानात जाणवतं. तेलाची वाटी परत पाठवली तर काकू रुसल्या. असो.

भेटायला येणाऱ्यांचे बोल ऐकण्यासारखे होते. "लेकराले काय ध्यानात राह्यते? दोन रोज रडन अन् भुलून जाईन." दुसरे एक आजोबा, "काऊन रे, पोट्टा असून रडतं?" आणि मग तो रडायचा थांबला, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, लाळ गिळायला नको म्हणून उशीवर गळू दिली. तेव्हा सगळे म्हणाले, आता शांत झाला, बरं वाटतंय त्याला.

शांत! गप्प पडलेलं लेकरू म्हणजे बरं झालेलं लेकरू, हे आपल्याकडे कुणी शिकवलं कोण जाणे.

आता हिशोब. मुलांना पॅरासिटामॉल वजनावर देतात, किलोला एका वेळी साधारण 15 मिलिग्रॅमपर्यंत, दिवसातून चार वेळा. वीस किलोला 300. आमच्या बाटलीवर लिहिलं होतं, 5 मिलीत 120. म्हणजे लेकराला निम्म्याहूनही कमी मिळत होतं, तेही रडलं तर. बाजारात 5 मिलीत 250 वालीही बाटली मिळते. दिसायला तशीच, चमचा तोच. म्हणून चिठ्ठीवर नुसतं '5 मिली' लिहिणं हाच मुळात गुन्हा आहे. (कमी पडलं तर फक्त दुखतं, उलटी गफलत झाली आणि जास्त गेलं तर लिव्हरवर येतं. म्हणून स्वतःच्या मनाने वाढवू नका, बाटली घेऊन डॉक्टरला विचारा.)

कुणी म्हणेल, एवढं काय, आमच्या वेळी काय होतं? तुमच्या वेळचंच सांगतो. 1980च्या दशकापर्यंत विलायत-अमेरिकेतसुद्धा नवजात बाळांना दुखत नाही असं समजून, हलू नये एवढंच औषध देऊन ऑपरेशनं होत. इंदूरला एम.बी.बी.एस. झालेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डला अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर अभ्यास केला. दुखणं मारणारं औषध दिलेली बाळं ऑपरेशनातून जास्त चांगली सावरतात, हे त्यांनी 1987 साली दाखवलं. म्हणजे 'लेकराला काय कळतं' हे फक्त आपल्या ओट्यावरचं अज्ञान नाही, मोठमोठ्या दवाखान्यांनी ते पदवी घेऊन पाळलं.

दुसऱ्या बाजूचं भयही खोटं नाही. कोडीन दिलेली टॉन्सिलची काही मुलं परदेशात दगावली. काहींच्या शरीरात त्याचं फार झपाट्याने मॉर्फिन होतं, आणि श्वास मंदावतो. 2013 साली अमेरिकेने टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मुलांना ते देऊ नये असं ठरवलं. आपल्याकडे 2011 साली बारा वर्षांखालच्या मुलांसाठी निमेसुलाईड बंद झालं, तरी घरच्या डब्यातली अर्धी गोळी लेकराला देणारे मामा-काका मी पाहिलेत. पण धोक्याचं औषध देऊ नका याचा अर्थ कोणतंच देऊ नका असा कुठून आला? साधं पॅरासिटामॉल, डॉक्टर हो म्हणाले तर जोडीला आयब्युप्रोफेन, वजनावर आणि घड्याळावर. पहिले काही दिवस रात्रीसुद्धा. दुखणं चढल्यावर औषध पाजायला गेलं तर पोरगं तोंडच उघडत नाही. मग पाणी नाही, घसा कोरडा, आणखी दुखणं. हे चक्र आम्ही स्वतःच्या हाताने फिरवलं. याच दिवसांत जखमेतून रक्तही येऊ शकतं. ताजं लाल रक्त दिसलं की थेट दवाखाना, मग रात्रीचे दोन का असेनात. खेड्यात राहणाऱ्याने गाडीची सोय आधीच लावून ठेवावी.

आजीने बल्लाळदेवीला नवस बोलला. बोलू दे, माझं काही म्हणणं नाही. मी डॉक्टरला फोन केला, वजन सांगितलं, बाटलीवरचा आकडा वाचून दाखवला. ते क्षणभर गप्प बसले, मग नवीन प्रमाण सांगितलं. रात्री तीनचा गजर लावला. उठवल्यावर पोरगं चिडलं, पण प्यायलं.

सकाळी अर्ध्या तासाच्या अंतराने दोन पेले पाणी आणि मऊ वरणभात. मग हळूच आईसक्रीम मागितलं. "थंड? घसा धरन त्याचा!" आजी म्हणाली, आणि दुसरं भांडण सुरू झालं.