एका दिवसात ‘संपूर्ण मुंबई’?

सहलीचा मोसम आला की पत्रकं येतात, ‘एका दिवसात संपूर्ण मुंबई!’ अहो, मुंबईत जन्म गेलेल्यांनी तरी संपूर्ण मुंबई पाहिलीय का? बस ट्रॅफिकमध्ये अडकते, मुलं पेंगतात आणि गाईड माईकवरून नटांचे बंगले दाखवतो. याच सहलीसाठी मजुरी करणारे आईबाप पै-पै साठवतात.

त्यापेक्षा मुलांना सीएसएमटीला उतरवा. १८८८ साली पूर्ण झालेलं ते स्थानक डोळे भरून पाहू द्या. समोरच अंजुमन-ए-इस्लामची इमारत आहे. १८७४ साली ही संस्था उभारणाऱ्यांत बद्रुद्दीन तय्यबजी होते, १८८७ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष. आमच्या उर्दू शाळेतल्या पोरांना हे नाव कुठला गाईड सांगतो? (मराठी शाळेतल्यांनाही सांगा की!) पुढे हुतात्मा चौक, राजाबाई टॉवर, म्युझियम, गेटवे. सगळं मिळून दोन-अडीच किलोमीटर. पाय दुखले तर वाटेत वडापाव आहेच.

हाजी अली राहिलं म्हणून पालक कुरकुरतील. कुरकुरू देत. भरतीच्या वेळी दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते आणि ओहोटीला पुन्हा उघडी पडते. ते पाहायला निवांत वेळ लागतो. बसवाले वीस मिनिटं देतात.