विरामचिन्हांचा अनादर

विरामचिन्हांचा विषय काढला कीं आमचे सुशिक्षित मित्र हंसतात. "अहो, अर्थ कळला म्हणजे झालें, टिंबें आणि स्वल्पविराम मोजीत बसण्यास वेळ कोणाला आहे?" असा त्यांचा सवाल असतो. उत्तरपत्रिका तपासण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्या आम्हांसारख्यांची ही एक खोड आहे, अशीहि त्यांची समजूत दिसते. अर्थ कळला म्हणजे झालें, हें आम्हांस मान्य आहे. पण तो कळतो काय?

आमच्या एका स्नेह्यांस त्यांच्या धाकट्या बंधूंनीं गांवाहून भ्रमणध्वनीवर निरोप धाडला : "आई आजारी नाहीं आलास तरी चालेल". स्नेह्यांनीं तो "आई आजारी नाहीं, आलास तरी चालेल" असा वाचला, आणि हातचें काम उरकूनच निघावें असें ठरविलें. बंधूंच्या मनांत मात्र "आई आजारी, नाहीं आलास तरी चालेल" असें होतें. वडील भावाच्या नोकरीची अडचण जाणून त्यांनीं संकोचानें तसें लिहिलें होतें. स्नेही पांचव्या दिवशीं पोंचले, तेव्हां मातोश्रींची शुद्ध हरपलेली होती. स्वल्पविरामाचें मोल त्या घरांत आतां कोणास सांगावें लागत नाहीं.

जेथें चिन्ह हवें तेथें तें नाहीं, आणि जेथें नको तेथें त्याची उधळण! दुकानाच्या पाटीवर 'ताजें' दूध असें अवतरणचिन्हांत लिहितात. दुकानदाराला त्या शब्दावर जोर द्यावयाचा असतो. वाचणाराला मात्र दुधाविषयीं शंका येते. श्रद्धांजलीच्या फलकावर तीन-तीन उद्गारचिन्हें पाहून हा शोक कीं जल्लोष, असा प्रश्न पडतो. "तो केव्हां येणार, हें मला ठाऊक नाहीं" या साध्या विधानापुढें प्रश्नचिन्ह ठोकणारे तर पदवीधरांतहि थोडे नाहींत.

यावर कोणी म्हणतील, हीं चिन्हें मुळांत परक्यांचीं. मेजर कँडी यांनीं १८५० सालीं त्यांची परिभाषा मराठींत मांडली. त्यापूर्वीं आमचे पूर्वज लिहीत नव्हते काय? लिहीत होते. पण मोडी पत्रांत दोन शब्दांमध्यें जागाहि सुटत नसे, आणि तें पत्र उलगडणारा कारकून त्या व्यवहारांत मुरलेला असे. ओवी वाचतांना छंदच वाचणाराला थांबवी; पोथींतील अर्थ पुराणिकाचा कंठ फोडून दाखवी. शिवाय शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शेवटीं 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा उमटत असे, ती कशासाठीं? लेख येथें संपला, यापुढें कोणीं अक्षर घालूं नये, हें सांगण्यासाठीं. पत्राची मर्यादा मुद्रेनें राखणारांच्या वंशजांना वाक्याची मर्यादा एका टिंबानें राखण्याचा कंटाळा यावा, आणि त्या कंटाळ्याला त्यांनीं स्वाभिमान म्हणावें, ही मौज आहे!

बोलणारा मनुष्य थांबतो, आवाज चढवितो, हातानें खुणावितो. ऐकणाराला कळलें नाहीं तर पुन्हां सांगतो. लिहिणारा समोर नसतो. त्याच्या वतीनें चिन्हांनीं बोलावयाचें असतें. "वाचणारा घेईल समजून" असें म्हणणें म्हणजे आपलें ओझें दुसऱ्याच्या डोक्यावर देणें होय. म्हणून आईबापांनीं मुलांना एवढेंच शिकवावें : निरोप धाडण्यापूर्वीं तो एकदां मोठ्यानें वाचावा, आणि जेथें अर्थ वळतो तेथें खूण करावी. याला घटकाहि लागत नाहीं. आमच्या स्नेह्यांचे मात्र पांच दिवस गेले.