कुत्र्यांच्या रांगेतला ससा

निवृत्तीनंतर मी भाच्याच्या जनावरांच्या दवाखान्यात चिठ्ठ्या लिहायला बसतो. पुण्यातला मध्यम आकाराचा दवाखाना, पण संध्याकाळी सहा ते नऊ पाय ठेवायला जागा नसते. केसपेपरवर जनावराला मालकाचं आडनाव लागतं, त्यामुळे 'ब्रूनो देशपांडे' आणि 'राणी शेख' एकाच बाकाखालून एकमेकांवर गुरगुरत असतात. नावाखाली एक छापील ओळ होती : कुत्रा / मांजर / इतर. मला बोलायचं आहे ते या 'इतर'बद्दल. जे जनावर शहर भर बाजारात राजरोस विकू देतं, त्याच्या दुखण्याची सोयही शहरानेच पाहिली पाहिजे. मालकाची हौस आणि एखाद्या डॉक्टरचा चांगुलपणा यांच्या भरवशावर ते काम चालत नाही, हे मी रोज पाहतो.

१. 'इतर' म्हणजे कोण

ससे, गिनी पिग, शुगर ग्लायडर. बजरीगर, ज्यांना सगळा महाराष्ट्र लव्हबर्ड म्हणतो. कॉकटील, ज्यांना दुकानदार 'कॉकटेल' म्हणून विकतो. डोळ्यामागे लाल पट्टा असलेली परदेशी कासवं. मधूनच एखादा इग्वाना. 'एक्झॉटिक' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फार्महाऊसवाले येतात. आमच्याकडे येतात ती शाळकरी मुलं, रिक्षावाले, वास्तुदोष जावा म्हणून काचेच्या वाडग्यात कासव ठेवणारी जोडपी. पाचशे रुपयांचा ससा आणि त्याच्या उपचाराचे पाच हजार, हे गणित विकत घेताना कोणी सांगितलेलं नसतं.

२. ससा म्हणजे छोटं कुत्रं नव्हे

हा मुद्दा लांबणार आहे, कारण बाकीचं सगळं याच्यावर उभं आहे.

कुत्र्याने एक वेळ खाल्लं नाही तर आपण 'पोट बिघडलं असेल' म्हणतो. सशाने दहा-बारा तास काही खाल्लं नाही तर ती तातडीची वेळ असते. त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं. थांबलं की आत वायू धरतो आणि जनावर दोन दिवसांत जाऊ शकतं. त्याचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर वर्षाला साधारण १० ते १२ सेंटीमीटर. ते झिजायला गवत लागतं. आपण देतो गाजर आणि भिजवलेली डाळ. मग दाढांना टोकं येतात, जीभ कापली जाते, खाणं बंद होतं, आणि मालक सांगतो, "दोन दिवस रुसलाय."

गिनी पिगला माणसासारखंच 'क' जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही. पेरू, ढोबळी मिरची असं काही रोज मिळालं नाही तर सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं. कासवाला कवच कडक ठेवायला ऊन लागतं आणि तेही थेट अंगावर. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात त्याला हवे ते अतिनील किरण उरत नाहीत. त्यामुळे हॉलमध्ये 'भरपूर उजेडात' ठेवलेल्या कासवाचं कवच अंगठ्याने दाबलं तर दबतं. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छाती हलली तरच श्वास चालतो. पिंजऱ्यातून काढताना प्रेमाने मूठ आवळली की पक्षी हातातच जातो. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या धुराने शेजारच्या खोलीतला पक्षीही मरू शकतो.

आता औषधांकडे या. कुत्र्याच्या गोचिडांवर मानेवर सोडायचे थेंब येतात. त्यातलं फिप्रोनिल सशाच्या जिवावर उठतं. खरजेवर सर्रास वापरलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवाला मारतं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळणारं अमोक्सिसिलिन सशाला किंवा गिनी पिगला तोंडावाटे दिलं तर पोटातले चांगले जिवाणू मरतात, विषारी वाढतात. मालक हे शत्रुत्वाने करत नाही. घरात कुत्र्याचं औषध उरलेलं असतं, एवढंच. एका जनावराचं औषध दुसऱ्याचं विष ठरतं, हा धडा या देशाला गिधाडांनी दिलेला आहे. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांमधून त्यांच्या पोटात गेलं आणि त्यांचे थवेच्या थवे संपले. जनावरांसाठी त्याचा वापर २००६ साली बंद झाला, तोवर आभाळ रिकामं होत आलं होतं.

शिवाय ही सगळी भक्ष्य जातीची जनावरं. आजार दाखवला की शिकारी उचलणार, हे त्यांच्या रक्तात आहे. पक्षी मान टाकतो तेव्हा तो आठवडाभर आजारी असतो.

३. माझी स्वतःची चूक

पहिल्याच महिन्यात एका मुलीचा फोन आला. सशाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. मी कुत्र्यामांजरांच्या मालकांना सांगतो तेच सांगितलं : "रात्री आठनंतर काही देऊ नका, उपाशी पोटी आणा." कुत्र्याला भूल दिल्यावर उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ नये, म्हणून ही खबरदारी. सशाला उलटी होऊच शकत नाही. त्याला उपाशी ठेवणं हेच संकट.

भाच्याने सकाळी सशाच्या पोटाला स्टेथोस्कोप लावला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. ऑपरेशन पुढे ढकललं, दिवसभर दोन-दोन तासांनी सिरिंजने पातळ खाणं भरवलं, ससा वाचला. त्या संध्याकाळी भाच्याने टेबलाच्या काचेखाली एक कागद सरकवला. त्यावर फोनवर काय विचारायचं, कोणत्या जनावराला काय सांगायचं नाही, आणि कोणाला 'उद्या या' म्हणायचंच नाही, हे लिहिलं आहे. हा कागद प्रत्येक दवाखान्यात हवा. पशुवैद्यकांच्या संघटनांनी तो मराठीत छापून वाटला तर खर्च झेरॉक्सचा. टेबलावर बसणारा माणूस डॉक्टर नसतो, पण पहिला निर्णय तोच घेतो.

४. रांगेचं काय करायचं

सशाचा नंबर बाविसावा, समोर एकवीस कुत्री. आठवड्यातून हे दृश्य एकदा तरी दिसतं : टोपलीवर टॉवेल टाकून कोणीतरी जिन्यात बसलेलं, आत जनावर थिजलेलं. दीड तासाने आत नेलं की भीतीने त्याचं हृदय एवढं धावत असतं की तपासणीला अर्थ राहत नाही.

उपाय साधा आहे. आम्ही मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते चार 'शांत वेळ' ठेवली. त्या वेळेत कुत्रं घेत नाही. अपघाताचं असेल तर मागच्या दाराने. दुसरी खरेदी वजनकाट्याची. कुत्र्यांच्या प्लॅटफॉर्म काट्यावर बजरीगर ठेवला तर शून्यच दिसतं. तो भरतो ३५ ग्रॅमच्या आसपास. त्यातले चार ग्रॅम कमी झाले तर साठ किलोच्या माणसाचं जवळपास सात किलो वजन उतरल्यासारखं आहे. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा आणला आणि पहिल्या आठवड्यापासून आजार लवकर कळू लागले. (भाचेसून तो काटा अजून परत मागते.)

५. 'पशुधन' या शब्दात कोण बसतं

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरचं पद 'पशुधन विकास अधिकारी'. शब्द चांगला आहे आणि कामही मोठं आहे. राज्याची पशुवैद्यकीय व्यवस्था गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांच्याभोवती उभी राहिली, कारण शेतकऱ्याचं पोट त्यांच्यावर होतं. परळचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालचं. तेव्हा शहरात चिंता होती ती घोड्यांची आणि बैलांची. दूध, अंडी, ओझं यांपैकी काहीच न देणारं जनावर 'धन' ठरत नाही. म्हणून त्याचा दवाखाना फक्त खाजगी.

मी गावच्या दवाखान्यात इग्वानासाठी दिवा लावा म्हणत नाही. माझी मागणी एवढीच : प्रत्येक महानगरपालिकेच्या हद्दीत निदान एका सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात आठवड्याचे दोन अर्धे दिवस या जनावरांसाठी राखावेत. तिथे प्रशिक्षित एक डॉक्टर, गॅसची भूल, ग्रॅमचा काटा असावा. आणि साडेपाच वर्षांच्या पदवीतल्या वर्षभराच्या इंटर्नशिपमध्ये शहरातल्या विद्यार्थ्यांनी काही आठवडे अशा ठिकाणी काढावेत. पुस्तकात वाचलेला सशाचा जबडा आणि हातात धडपडणारा ससा यांत फरक असतो. खाजगी डॉक्टरलाही 'हे मला जमत नाही, तिकडे जा' म्हणायला एक 'तिकडे' लागतं. आज तो नाइलाजाने अंदाजाने डोस देतो.

६. चपलेच्या खोक्यातला मिठू

सगळ्यात अवघड पेशंट परदेशी नसतोच, तो आपलाच राघू असतो. देशी पोपट पाळणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली, तरी ही बंदी त्यात कायम आहे. तारा कासव तर पहिल्या अनुसूचीत. पण आजीच्या हातचा पेरू खाणारा मिठू अजून वाड्यावाड्यांत आहे. आजारी पडला की तो चपलेच्या खोक्यात येतो, रात्री दवाखाना बंद होताना, आणि मालक नाव विचारलं की अडखळतो.

दुसऱ्या बाजूला परदेशी जनावरांचा कागद. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटिस करारातल्या जाती याच दुरुस्तीने चौथ्या अनुसूचीत आल्या. फेब्रुवारी २०२४च्या नियमांनुसार आफ्रिकन ग्रे पोपट, इग्वाना, बॉल पायथन असं काही घरात असेल तर 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते. जन्म, मृत्यू, मालक बदलणं, सगळं कळवावं लागतं. बजरीगर आणि कॉकटील या यादीत नाहीत. नियम योग्यच आहे, चोरट्या व्यापाराला वेसण हवीच. पण हा फरक कळणारे मालक मला क्वचित भेटले. ज्यांना कळत नाही ते घाबरतात, आणि घाबरलेला मालक दवाखान्यात येत नाही.

वनविभागाने दोन ओळी लेखी द्याव्यात. आजारी संरक्षित जनावरावर प्रथमोपचार करणारा नोंदणीकृत पशुवैद्य साथीदार मानला जाणार नाही, ही एक. आणि जनावर स्वतःहून सोपवणाऱ्या मालकाला वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला की पुढे नेमकं काय होईल, ही दुसरी. डॉक्टरला पोलीस केलंत तर खोकं कचराकुंडीत जाईल.

७. दुकानदाराची चिठ्ठी

पाळीव प्राणी विक्रीच्या दुकानांसाठी २०१८ सालचे केंद्राचे नियम आहेत. राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे. तुमच्या जवळच्या दुकानात नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे का, पुढच्या वेळी मान वर करून बघा.

विकताना प्रत्येक जनावरासोबत मराठीत एक पान द्यावं : हे किती वाढतं, किती वर्षं जगतं, काय खातं, याला पाहणारा डॉक्टर कुठे आहे. नाण्याएवढं लाल कानाचं कासव ताटलीएवढं होतं आणि तीस वर्षंही जगू शकतं, हे त्या पानावर छापलं तर निम्मी गिऱ्हाइकं परत फिरतील. फिरू देत. अमेरिकेत चार इंचांहून लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला १९७५पासून बंदी आहे, कारण मुलं ती तोंडात घालत आणि साल्मोनेलाने आजारी पडत. आपल्याकडे ती दिवाणखान्यात शुभ म्हणून असतात. वाढली की तळ्यात, विहिरीत, देवळाच्या कुंडात सोडली जातात आणि तिथल्या देशी कासवांचं खाणं-जागा बळकावतात. जगातल्या सर्वांत घातक शंभर उपऱ्या जातींच्या यादीत हे कासव आहे. सोडणाऱ्याला मात्र पुण्य केल्यासारखं वाटतं.

८. "माणसांना खाटा नाहीत, तुमच्या सशाचं काय घेऊन बसलात?"

हा प्रश्न मला सख्ख्या भावाने विचारला. प्रश्न खोटा नाही. पण माणसाच्या दवाखान्यातला पैसा काढून इकडे द्या, असं मी कुठे म्हटलं? शांत वेळ फुकट आहे, कागद फुकट आहे, वनविभागाच्या दोन ओळी फुकट आहेत. खर्च आहे तो आठवड्याच्या दोन अर्ध्या दिवसांचा. आणि फी घ्यावी, मी फुकट उपचार मागत नाही.

दुसरं म्हणजे, ही दुखणी पिंजऱ्यात थांबत नाहीत. पोपटवर्गी पक्ष्यांकडून माणसाला एक प्रकारचा न्यूमोनिया होतो. सशाकडून, गिनी पिगकडून मुलांच्या हातावर गजकर्ण उठतं. घरात पक्षी आहे का, हे खोकल्याच्या पेशंटला विचारणारा फॅमिली डॉक्टर मला अजून भेटायचा आहे. त्याला विचारायची आठवण पशुवैद्य करून देऊ शकतो, पण त्यासाठी पक्षी आधी पशुवैद्याकडे यायला हवा.

९. केसपेपरवरची ओळ

२०१९च्या विसाव्या पशुगणनेत कुत्र्यांसोबत सशांनाही रकाना होता. कॉकटील, गिनी पिग, कासव यांना नव्हता. मोजलं नाही ते मागता येत नाही, पालिकेत गेलो तर पहिला प्रश्न येतो, "अशी कितीशी आहेत?" म्हणून शहरातल्या दवाखान्यांनी निदान 'इतर' ही ओळ फोडावी आणि वर्षाअखेरीस आकडा पालिकेला द्यावा.

आम्ही दिवाळीपासून नवे केसपेपर छापून घेतले. प्रेसवाल्याने विचारलं, "काका, एवढ्या जाती कशाला? एका ओळीत मावत नाहीत." मी दोन ओळी घ्यायला सांगितल्या. आजची शेवटची नोंद दुपारी पावणेचारची आहे : चिंटू गायकवाड, बजरीगर, ३१ ग्रॅम, मागच्या मंगळवारी ३४. पुढच्या शुक्रवारी परत बोलावलं आहे.