थेट प्रक्षेपणाचा हिशेब



२३ एप्रिल २०२२, शनिवार. लग्नसराईचे दिवस होते. उमरेडमधील एका स्नेह्यांच्या कापड दुकानात मी सायंकाळी बसलो होतो. समोरच्या टीव्हीवर मुंबईतील खार येथील एका इमारतीचे दृश्य अखंड चालू होते. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या ‘मातोश्री’ निवासस्थानासमोर हनुमान चालिसा म्हणण्याचे जाहीर करून अमरावतीच्या तत्कालीन खासदार नवनीत राणा व बडनेराचे आमदार रवी राणा त्या इमारतीत थांबले होते आणि बाहेर शिवसैनिक जमले होते. सायंकाळी दोघांना अटक झाली. मालक, नोकर आणि मीही पडद्यात गुंगलो होतो. मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी खेड्यातून आलेले एक कुटुंब काही वेळ ताटकळले आणि शेजारच्या दुकानात गेले. हे आमच्या ध्यानात आले, तेव्हा उशीर झाला होता.

खळबळ माजवणाऱ्या नेत्यांना वृत्तवाहिन्या एवढा वेळ का देतात? ‘टीआरपीसाठी’ हे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते. टीआरपीतील गैरव्यवहाराच्या आरोपांनंतर ‘बार्क’ या संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे प्रसिद्ध करणे थांबवले. ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. याच मधल्या काळात, २३ ऑगस्ट २०२१ रोजी, तत्कालीन केंद्रीय मंत्री नारायण राणे यांनी महाड येथे मुख्यमंत्र्यांच्या कानाखाली मारण्याची भाषा केली. दुसऱ्या दिवशी त्यांना संगमेश्वर येथे अटक झाली आणि रात्री महाडच्या न्यायालयात जामीन मिळाला. आकडे प्रसिद्ध होत नव्हते, तरीही दिवसभर कॅमेरे त्यांच्याच मागे होते.

म्हणून मी बँकेतील जुन्या सवयीने खर्चाची बाजू तपासली. एखाद्या रखडलेल्या सार्वजनिक कामाचा शोध घ्यायचा, तर वार्ताहराचे अनेक दिवस, कागदपत्रांची जुळवाजुळव आणि प्रसंगी वकिलाचा सल्ला लागतो. नेत्याच्या दारात मात्र एक वार्ताहर, एक कॅमेरा आणि मोबाईलच्या जाळ्यावरून चित्र पाठवणारे यंत्र पुरते. पुढे वक्तव्य, प्रत्युत्तर, आंदोलन, अटक आणि जामीन असा माल आपोआप येत राहतो. त्याची खरेदी किंमत जवळजवळ शून्य. शिवाय शेजारच्या दुकानात गर्दी दिसली की आपलाही जीव जसा खालीवर होतो, तसेच वाहिन्यांचे होते. एकीने कॅमेरा हलवला नाही, तर दुसरीही हलवत नाही.

नेत्यांनाही हा व्यवहार परवडतो. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना माध्यमांतून सुमारे दोन अब्ज डॉलर मूल्याची प्रसिद्धी विनामूल्य मिळाल्याचा अंदाज ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने प्रसिद्ध केला होता. राणा दाम्पत्यास ४ मे २०२२ रोजी जामीन देताना, या प्रकरणाविषयी माध्यमांशी बोलू नये, अशीही अट न्यायालयाने घातली होती.

लोकप्रतिनिधीस अटक होणे ही बातमी आहे आणि ती दिलीच पाहिजे, हे मान्य. परंतु ती सांगण्यास दहा मिनिटे पुरतात. उरलेले तास बंद फाटकाकडे पाहण्यात जातात आणि तेवढ्या वेळेत दुसरे काही दाखवायचे राहून जाते. आपल्या उमरेडवरून जाणारी नागपूर–नागभीड नॅरोगेज रेल्वे रुंदीकरणासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. आपल्या व्यापाराशी आणि मुलांच्या शिक्षणाशी निगडित असलेल्या या प्रश्नावर आपण टीव्हीवर किती मिनिटे चर्चा पाहिली, हे प्रत्येकाने आठवून पाहावे.

वाहिनीचे खरे गिऱ्हाईक जाहिरातदार असतो. आपण त्या दुकानातील माल आहोत, कारण तेथे आपलाच वेळ विकला जातो. त्या सायंकाळी माझ्या स्नेह्यांनी स्वतःचे गिऱ्हाईक गमावून हा व्यवहार चालू ठेवला. आता ते दुकानाच्या वेळेत टीव्ही बंद ठेवतात. मीही सकाळी वर्तमानपत्र आणि रात्री अर्धा तास बातम्या, एवढ्यावर भागवतो. महत्त्वाचे काही सुटले, असे अद्याप वाटलेले नाही.

भाषासमिती आपणांस बोलण्यातील विवेक शिकवते. तोच विवेक ऐकण्यातही असावा, कारण ऐकणारा उठून गेला की बेताल बोलण्याचा बाजार फार काळ टिकत नाही.