टाळ्या झाल्या, आता चावी!

वीकएण्ड आला की नौपाड्यातल्या माणसाकडे ऑप्शन्स भरपूर. राम मारुती रोडवर विंडो शॉपिंग, गोखले रोडवर खरंखुरं शॉपिंग, तलावपाळीला एक चक्कर, आणि आठवडाभर डाएट नीट पाळलं असेल तर मामलेदारची मिसळ. (पाळलं नसेल तरी मिसळ!) पण याच नौपाड्यात आणखी एक अड्डा आहे, आणि तिथे जायला कुठलाही ड्रेस कोड लागत नाही. तो म्हणजे अभिनय कट्टा.

दिग्दर्शक किरण नाकती यांनी सुरू केलेला हा कट्टा ठाणेकरांना काही नवा नाही. हौशी मंडळी येतात, एकपात्री करतात, कधी वाक्यं विसरतात, पुन्हा येतात. याच कट्ट्याच्या पुढाकारातून दिव्यांग कला केंद्र उभं राहिलं. दिव्यांग मुला-मुलींना नाच, गाणं, अभिनय शिकवायचा आणि मग थेट प्रेक्षकांसमोर उभं करायचं, असा साधा फंडा. ठाणे महापालिकेची विशेष मुलांसाठीची ‘जिद्द’ शाळाही याच शहरातली. म्हणजे या बाबतीत आपलं ठाणं अगदीच कोरं नाही, बरं का.

३ डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन. तो जवळ आला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीत असे कार्यक्रम सुरू होतात. तुम्ही एखाद्याला गेला असाल तर सीन ओळखीचा वाटेल. इव्हेण्ट मॅनेजमेण्ट कंपनी वगैरे काही नाही. खुर्च्या कुणाच्या तरी काकांच्या ओळखीने आलेल्या. एनएसएसची पोरं गळ्यात बॅज अडकवून धावपळ करतायत. माइक ऐन वेळी कुंई करतो. वडापावचे खोके कुठे गेले हे कुणालाच माहीत नसतं. आणि तरीही पडदा वर गेला की जे काही होतं ना, ते मल्टिप्लेक्सच्या तिकिटात मिळत नाही. गाणं संपतं आणि स्टेजवरचा पोरगा टाळ्या थांबायच्या आत दुसऱ्यांदा वाकून नमस्कार करतो, कारण त्याला त्या टाळ्या आवडलेल्या असतात. साधी गोष्ट आहे. टाळ्या आपल्यालाही आवडतात. अप्रायझलच्या वेळी बघा आठवून!

मग प्रॉब्लेम काय? प्रॉब्लेम सोमवारी सुरू होतो.

सोमवारचं काय?

स्टेजवर ज्याला आपण ‘किती गोड!’ म्हणतो, तो ‘मुलगा’ पुष्कळदा बत्तीस वर्षांचा असतो. विंगेत पाण्याची बाटली घेऊन उभे असलेले त्याचे बाबा सत्तरीला टेकलेले असतात. अशा घरांत एक प्रश्न रोज रात्री जेवणानंतर हजर होतो. आमच्यानंतर काय? या दोन शब्दांनी अनेक आईवडिलांची झोप उडवलेली आहे. भाऊ सांभाळेल, बहीण बघेल, एखादी संस्था मिळेल... उत्तरं सगळी हीच. गंमत म्हणजे (गंमत कसली!) या उत्तरांत त्या बत्तीस वर्षांच्या माणसाला कुणी काही विचारलेलंच नसतं. तुला कुठे राहायचंय? कुणाबरोबर? सकाळी चहा की कॉफी?

आता जरा आपल्याकडे बघू. आपल्यापैकी कित्येक जण नोकरी लागल्यावर पहिलं काय करतात? तिघांत एक वन बीएचके भाड्याने घेतात. भांडी घासायचा कंटाळा, गॅस संपलेला, घरमालक खडूस. तरी सगळं माफ. कारण खिशात स्वतःच्या घराची चावी असते. रात्री अकराला आलो काय, एकला आलो काय, विचारणारं कुणी नाही. ही चावी हातात आल्यावर जे वाटतं, तेच व्हीलचेअरवरच्या किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या माणसालाही वाटू शकतं, हे आपल्या डोक्यात येत नाही. त्यांच्यासाठी आपण डायरेक्ट ‘सोय’ हा शब्द वापरतो. आपल्याला घर हवं असतं, त्यांची सोय लावायची असते!

बर्कलेतला बॉस

‘इंडिपेण्डण्ट लिव्हिंग’ नावाची चळवळ नेमकी या चावीवरून सुरू झाली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात एड रॉबर्ट्स नावाचा एक तरुण होता. चौदाव्या वर्षी पोलिओ झाला आणि मानेखालचं जवळजवळ सगळं शरीर थांबलं. झोपताना श्वासासाठी ‘आयर्न लंग’ नावाच्या अवाढव्य यंत्रात शिरावं लागायचं. १९६२मध्ये त्याने बर्कलेच्या विद्यापीठात प्रवेश मिळवला. हे यंत्र मावेल अशी खोली हॉस्टेलमध्ये नव्हती, म्हणून त्याला विद्यापीठाच्या हॉस्पिटलात राहायला दिलं. पाठोपाठ तशीच आणखी मुलं आली, त्यांची गँग जमली. १९७२मध्ये बर्कलेत पहिलं ‘सेंटर फॉर इंडिपेण्डण्ट लिव्हिंग’ उभं राहिलं. दिव्यांगांनी दिव्यांगांसाठी चालवलेलं! घर शोधून देणं, मदतनीस मिळवून देणं, व्हीलचेअर दुरुस्त करणं अशी अगदी रोजच्या जगण्यातली कामं.

आणि क्लायमॅक्स ऐका. राज्याच्या ज्या पुनर्वसन खात्याने ‘हा काय नोकरी करणार?’ म्हणून एडला मोडीत काढलं होतं, त्याच खात्याचा संचालक म्हणून पुढे १९७०च्याच दशकात त्याची नेमणूक झाली. याला म्हणतात कमबॅक!

एडच्या गँगचं म्हणणं सोपं होतं. स्वतंत्र असणं म्हणजे सगळं स्वतःच्या हाताने करणं नव्हे. शर्टाची बटणं दुसऱ्याने लावली तरी चालेल. शर्ट कोणता घालायचा, ते मी ठरवणार. विचार करा, आपण तरी काय काय स्वतः करतो? डबा मावशी देतात, ऑफिसला मोटरमन पोचवतो, कॉम्प्युटर हँग झाला की आयटीवाल्याला हाक. पण आपल्याला कुणी परावलंबी म्हणत नाही, कारण निर्णय आपले असतात.

मराठी घरांत हे सांगायला बर्कलेपर्यंत जायचीही गरज नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ऐन तारुण्यात व्हीलचेअरवर आल्या. त्यांनी १९८४मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, पुढे सिंधुदुर्गात ‘स्वप्ननगरी’ प्रकल्प केला. तिथे काजू प्रक्रियेच्या कामातून दिव्यांगांच्या हाताला काम आणि खिशाला पगार मिळू लागला. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र तुमच्या आईच्या कपाटात असण्याची शक्यता बरीच आहे. काढा आणि वाचा.

जांभळा गोवा

कुणी म्हणेल, मग हे सण-समारंभ बंदच करायचे का? अजिबात नाही. उलट जोरात करायचे, फक्त जरा डोकं लावून. आपल्या शेजारच्या गोव्याने ते करून दाखवलं. जानेवारी २०२३मध्ये पणजीत पहिला ‘पर्पल फेस्ट’ झाला. राज्य सरकारचा पाठिंबा, दिव्यांग आयुक्तालयाचं आयोजन आणि स्वयंसेवकांची फौज. २०२४मध्ये तो आंतरराष्ट्रीय झाला, २०२५मध्ये ऑक्टोबरमध्ये भरला. तिथे कार्यक्रमांना सांकेतिक भाषेतले दुभाषे असतात, रॅम्प असतात. एक अख्खं ठिकाण काही दिवस असं बनवायचं, की तिथे दिव्यांग माणसाला कुणाची वाट बघावी लागू नये. फेस्ट संपला तरी पाहणाऱ्याच्या मनात एक प्रश्न उरतो. काही दिवस जमलं, तर वर्षभर का नाही?

कायदाही तेच विचारतो. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने २००७मध्ये शिक्कामोर्तब केलं. २०१६मध्ये आपला नवा कायदा आला, त्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले. त्याचं पाचवं कलम म्हणतं, की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि अमुकच व्यवस्थेत राहा अशी सक्ती तिच्यावर होऊ नये, यासाठी सरकारने प्रयत्न करायचे आहेत. म्हणजे आपली चावी कायद्यात आहे! सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. ती मुदत २०२२मध्ये उलटली. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सरकारला सांगितलं, की सुगमतेचे नियम नुसते सल्ले ठेवू नका, बंधनकारक करा. आणि आकडा लहान समजू नका. २०११च्या जनगणनेतच देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले होते.

नौपाडा, तळमजला अधिक तीन

आता येऊ आपल्या गल्लीत. नौपाड्यातल्या जुन्या इमारती आठवा. विष्णुनगर, घंटाळी, ब्राह्मण सोसायटी. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, दारातच चार पायऱ्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गुडघ्यांमुळे महिनोन् महिने खाली उतरत नाहीत. त्या काही सर्टिफिकेटवाल्या दिव्यांग नाहीत, पण घरात अडकलेल्या आहेतच. पाय फ्रॅक्चर झालेला तुमचा मित्र आणि बाबागाडीवाली तुमची वहिनीसुद्धा याच रांगेत. बर्कलेत व्हीलचेअरसाठी फूटपाथला उतार केले, तर त्यावरून सगळ्यात आधी कोण गेलं असेल? बाबागाड्या, हातगाड्या आणि चाकांच्या बॅगा!

आणि सध्या नौपाड्यात काय चाललंय? रिडेव्हलपमेण्ट! दर दोन गल्ल्यांआड पत्रे लागलेत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये चर्चा कसली? कार्पेट एरिया किती वाढणार, पार्किंग किती, कॉर्पस किती. मॉड्युलर किचनवर अर्धा तास. रॅम्पवर? शून्य मिनिटं. मग बिल्डर शेवटी कुठेतरी सिमेंटची घसरगुंडी ओतून देतो. तिच्यावरून स्कूटर चढते, व्हीलचेअर नाही.

म्हणून एक साधं गणित पाठ करा. एकास बारा. म्हणजे एक फूट उंची चढायची तर रॅम्प किमान बारा फूट लांब हवा. दारात दोन फुटांचा चौथरा असेल तर चोवीस फूट. ही जागा प्लॅन कागदावर असतानाच मागावी लागते. भिंती उभ्या राहिल्यावर ती कुणाचा बापही देऊ शकत नाही. दारं ९०० मिलिमीटर रुंद हवीत. आणि लिफ्ट रस्त्याच्या पातळीवर थांबायला हवी, चार पायऱ्या चढल्यावर नव्हे. हे विचारायला इंजिनीअर असावं लागत नाही. घरात मोजपट्टी असली की पुरे.

व्हॉलंटियर व्हायचंय?

जरूर व्हा. फक्त चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, मदत करण्याआधी विचारा. ‘हात देऊ का?’ हे दोन सेकंदांचं काम आहे. ‘नको’ म्हटलं तर ते नकोच.

दोन, व्हीलचेअर हे फर्निचर नाही. तिच्यावर टेकू नका, न विचारता ढकलू नका.

तीन, अंध व्यक्तीला दंडाला धरून ओढू नका. तुमचं कोपर पुढे करा, ती धरेल.

चार, बोलायचं ते त्या व्यक्तीशी. ‘याला काय आवडतं हो?’ असं आईला विचारू नका. तो समोर उभा आहे.

आणि हो, प्रत्येकाला ‘इन्स्पिरेशन’ म्हणायची घाई नको. ऑफिसला वेळेवर पोचणारा माणूस आपल्याला प्रेरणा देण्यासाठी उठलेला नसतो. त्यालाही आपल्यासारखंच ईएमआयचं टेन्शन असतं.

टाळ्या वाजवायला दोन हात लागतात, रॅम्प मागायला सोसायटीच्या मीटिंगमध्ये वर झालेला एक हात पुरतो. तुमच्या इमारतीची पुढची मीटिंग कधी आहे? कार्पेट एरियाचा विषय संपला, की तेवढा एक हात वर करा.